मिस अफाफचं अळणी पातेलं

मिस अफाफच्या मते एक कुत्रा पाळणं म्हणजे खाजगी शिकवणी, दोन पाळणं म्हणजे नुसती कटकट, आणि चार पाळले तरच त्याला शाळा म्हणता येतं. शाळेची तिला सवय होती. आमच्या शुब्रा भागातल्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून ती निवृत्त झाली, नवरा वारला, मुलगा कुवेतला गेला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या तीन खोल्यांत चार कुत्रे जमा झाले. चारही रस्त्यावरचे, गावठी, कान फाटलेले. त्यांची नावं तिनं शाळेतल्या हुद्द्यांवरून ठेवली होती. सगळ्यात म्हातारा नाझिर, म्हणजे हेडमास्तर. दिवसभर झोपायचा आणि कुठं आवाज झाला की एकच डोळा उघडायचा. वकीला ही उपमुख्याध्यापिका. सगळ्यांवर गुरगुरायची, पण अंगावर काम घ्यायची नाही. मुफत्तिश हा इन्स्पेक्टर, आल्यागेल्याच्या पिशव्या आणि बूट तपासणारा. आणि फर्राश, शिपाई, सापडेल ती वस्तू तोंडात धरून इकडची तिकडे करायचा.

"माझ्या वेळच्या स्टाफपेक्षा बरे आहेत," ती म्हणायची. "चहाच्या नावाखाली तासभर गायब होत नाहीत."

कुत्र्यांशी बोबडं बोलणारी माणसं तिला खपत नसत. 'आमचा चावत नाही' असं जो म्हणतो, त्याच्या कुत्र्यापासून दोन हात आणि त्याच्यापासून चार हात लांब राहावं, असं ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. कुवेतचा मुलगा दर शुक्रवारी फोनवर म्हणायचा, "आई, इकडे ये, फ्लॅट मोठा आहे."

"पाच जणांना पुरेल?"

"पाच कुठले? तू एकटी."

"मग मोठा कसला?" म्हणून ती फोन ठेवायची.

दुसऱ्या मजल्यावर बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनिअरसाहेब, शर्नूबी राहत. कापडगिरणीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण इंजिनिअरकी काही अंगातून गेली नव्हती. इमारतीच्या रहिवासी मंडळाचे ते अध्यक्ष, आणि त्यांच्या प्रत्येक सूचनेला क्रमांक असायचा. बायको वारलेली, तीन मुली आपापल्या घरी. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई, हाज्जा तफीदा. हाज्जाचे गुडघे गेले होते, त्यामुळे तीन वर्षं तिनं जिना पाहिला नव्हता; तिचं सगळं जग म्हणजे बाल्कनीतली वेताची खुर्ची.

रमजानच्या आधीच्या शुक्रवारी घोटाळा झाला. शर्नूबी पांढरा, कडक इस्त्रीचा पायघोळ गलाबिया घालून नमाजाला निघाले आणि मुफत्तिशनं जिन्यात त्यांची तपासणी केली. गलाबियाच्या काठावर ओलं नाक उमटलं, आणि कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यांत नमाज चालत नाही. शर्नूबी तसेच मागे फिरले, कपडे बदलले, पुन्हा हातपाय धुतले, आणि मशिदीत पोचले तोवर आत जागा नव्हती. बाहेर रस्त्यावर, उन्हात, एका खाटकाच्या शेजारी त्यांना नमाज पढावी लागली. संध्याकाळी फाटकाशी कागद लागला. सूचना क्रमांक सतरा: इमारतीच्या जिन्यावरून कुत्र्यांस ये-जा करण्यास मनाई. रमजानच्या तिसऱ्या शुक्रवारी सभा. विषय: इमारतीत कुत्रे असावेत की नसावेत.

मिस अफाफ ती सूचना वाचून वर गेली आणि नाझिरजवळ जमिनीवर बसली. ती घाबरली होती, आणि हे ती कुणाला कबूल करणार नव्हती. तिघांची तिला चिंता नव्हती. तिघं तरुण होते, त्यांना कुणीतरी ठेवून घेतलं असतं. नाझिर चौदा वर्षांचा. मागचे पाय लटपटत, मूत्रपिंडं अर्धी निकामी. डॉक्टरांनी सांगितलं होतं: मीठ पूर्ण बंद, दिवसातून दोनदा खाली न्यायचं, आणि त्याची जागा बदलायची नाही. दुसऱ्या घरी तो आठवडाभरसुद्धा जगला नसता.

मग ती उठली, चष्मा लावला आणि सूचनेचा तिनं गणितासारखा विचार केला. जिन्यावरून मनाई. बाल्कनीबद्दल एक अक्षर नाही.

आमच्या गल्लीत प्रत्येक बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सुटते. भाजी, पाव, किल्ल्या, निरोप, सगळं तिच्यातून वरखाली होतं. मिस अफाफनं फक्त टोपली मोठी घेतली. खाली इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या अम्म, म्हणजे काका, बय्यूमीकडे धुतलेल्या कपड्यांचा खजुराच्या काड्यांचा जाडजूड टोपला होता. तो आणला, कुठून तरी कप्पी मिळवली, आणि ठरलं असं की सोडताना मिसनं दोरी हळूहळू ढिली करायची आणि वर घेताना बय्यूमीनं खालून ओढायची.

"मिस, तीस वर्षं मी सदरे इस्त्री करतोय," बय्यूमी म्हणाला, "पण वरून कुत्रा उतरवून घेईन असं माझ्या आईनंही मला शाप देताना म्हटलं नव्हतं."

पहिल्या दिवशी अर्धी गल्ली जमली. फर्राश आनंदानं बसला. मुफत्तिशनं उतरता उतरता प्रत्येक बाल्कनीत मान घालून पाहणी केली. वकीला कप्पीवर भुंकत राहिली. नाझिर मात्र टोपल्यात पायच घालेना. शेवटी मिसला युक्ती सापडली: आधी त्याच्या जेवणाचं पातेलं खाली पाठवायचं. पातेलं गेलं की नाझिर मागोमाग जायला तयार. पातेल्यात तांदूळ, कोंबडीच्या माना, मऊ शिजलेलं गाजर, मिठाचा कण नाही. वर माशा बसू नयेत म्हणून भरतकाम केलेला पांढरा रुमाल बांधलेला.

मिसचे हात चौसष्ट वर्षांचे. दर खेपेला दुसऱ्या मजल्याशी ती दोरी कठड्याला गुंडाळायची आणि श्वास घ्यायची. म्हणजे टोपला बरोबर हाज्जा तफीदाच्या खुर्चीसमोर थांबायचा. पहिले दोन दिवस हाज्जानं तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी वर बघून ओरडली, "अगं अफाफ, तुझ्या हेडमास्तरचे डोळे चिकटलेत! कोमट पाण्यानं पूस जरा!"

"पुसते, हाज्जा!"

"आणि त्या दुसऱ्याला सांग, माझ्या कुंडीत नाक घालू नको म्हणावं!"

त्यानंतर हाज्जा रोज त्या वेळी खुर्ची कठड्याला लावून बसायला लागली.

रमजानच्या आठव्या दिवशी मिसला जरा उशीर झाला. मगरिबला, म्हणजे रोजा सुटायला, दोनच मिनिटं होती. सगळ्या बाल्कन्यांत माणसं खजूर हातात घेऊन बसली होती. तिनं नाझिरचं पातेलं सोडलं, दुसऱ्या मजल्याशी दोरी गुंडाळली आणि कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. तेवढ्यात तिनं खाली पाहिलं. शर्नूबींच्या बाल्कनीतून एक केसाळ, घड्याळ बांधलेला हात बाहेर आला, त्यानं पातेलं अलगद उचललं आणि आत नेलं.

रमजानात शेजारी एकमेकांना ताटं पाठवतात, त्यात नवल काही नाही. शर्नूबींना वाटलं, हे आपल्यासाठीच आलं. आणि आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं म्हणून त्याच हातानं टोपल्यात कागदानं झाकलेली थाळी ठेवली: कतायेफ, अक्रोड भरून पाकात बुडवलेल्या गोड घाऱ्या.

मिसनं हाक मारायला तोंड उघडलं आणि बांग सुरू झाली. पहिला घास हातात घेतलेल्या रोजेदाराच्या पुढचं जेवण कुणी मागतं का? तिनं तोंड मिटलं. खाली बय्यूमीनं थाळी पाहिली, वर पाहिलं, खांदे उडवले. त्या संध्याकाळी चौघा कुत्र्यांनी कतायेफ खाल्ले. फर्राशचं पोट दोन दिवस बिघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी शर्नूबी जिन्यात वाट बघत उभे होते.

"मिस, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"माझ्या ब्लडप्रेशरचं. दोन वर्षं झाली डॉक्टरनं मीठ बंद करून. तिन्ही मुली पाळीपाळीनं डबा पाठवतात. एकीचं लोणचं, दुसरीचं चीज, तिसरीचं तर सगळं तुपात पोहतं. म्हटलं, बाई, मीठ नको, तर म्हणते, 'बाबा, सणासुदीला अळणी कसं जेवायचं?' आणि तुम्ही..." ते एक पायरी वर चढले. "मी तुमच्याविरुद्ध सूचना लावतो, आणि तुम्ही माझ्यासाठी अळणी रांधता. गाजर तर काय मऊ होतं!"

आयुष्यात कधी नव्हे ती मिस अफाफ फळ्यासमोर उत्तर न आलेल्या मुलीसारखी उभी राहिली. "बरं," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी तिनं शर्नूबींसाठी वेगळं, माणसांचं पातेलं चढवलं. कोंबडीची छाती, वेलदोडा, दालचिनी. मीठ अर्थातच नाही. मगरिबनंतर खालून हाक आली, "मिस! आज माना नव्हत्या!" शेवटी हेडमास्तरचीच पाककृती दुप्पट करून दोन पातेल्यांत भरावी लागली. शर्नूबी पातेलं चाटूनपुसून परत करत आणि त्यात रोज काहीतरी गोड.

"मिस, गप्प बसा," बय्यूमी इस्त्री फिरवत म्हणाला. "अध्यक्षच तुमच्या बाजूला. शुक्रवारी सभा झाली की सांगा, नाहीतर सांगूच नका."

"मी कॉपी करणाऱ्या मुलीला कधी पास केलं नाही."

"त्या मुलीच्या घरी कुठं चौदा वर्षांचा कुत्रा होता?"

मिस तीन रात्री धड झोपली नाही. गप्प राहिलं तर नाझिर राहतो. बोललं तर जातो. इतकं सोपं गणित तिनं बत्तीस वर्षांत दिलं नव्हतं, आणि इतकं अवघडही.

शुक्रवारी नमाजानंतर इमारतीच्या चौकात खुर्च्या मांडल्या. आठ घरांतून माणसं आली. हाज्जा वर बाल्कनीत. नाझिर टोपल्यातून उतरून मिसच्या पायाशी झोपलेला. शर्नूबी उभे राहिले, खाकरले.

"रहिवाशांनो, सूचना सतराबद्दल मी फेरविचार केला आहे. ज्या बाईनं माझ्या तब्येतीची आठवण ठेवली, जी आठवण माझ्या पोटच्या..."

"बाशमुहंदिस," मिस उठली. "थांबा. ते जेवण नाझिरचं होतं."

"कोण नाझिर?"

तिनं पायाशी बोट दाखवलं. नाझिरनं एक डोळा उघडला.

"पहिल्या दिवशी त्याचं पातेलं तुम्ही उचललंत. मला तुमचं ब्लडप्रेशर माहीतसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तुमच्यासाठी वेगळं केलं, तर तुम्हाला माना हव्या होत्या. पातेली वेगळी होती, स्वच्छ होती, पण पाककृती त्याचीच. मला आधीच सांगायला हवं होतं. आता मत द्यायचं ते द्या."

बय्यूमीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि वरून हाज्जाचा आवाज आला:

"मला पहिल्याच दिवशी माहीत होतं!"

"आई!" शर्नूबी वर बघून ओरडले.

"ते पातेलं रोज माझ्या नाकासमोरून जातं! पण दोन वर्षांत पहिल्यांदा तू पोटभर जेवून 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणालास. मी मध्ये कशाला बोलू?"

हशा पिकला. शर्नूबींच्या मानेपर्यंत लाली चढली. मिसला वाटलं, झालं. ती नाझिरला उचलायला वाकली. शर्नूबी चालत आले आणि दोन हात अंतरावर थांबले. ते तिच्याकडे बघत नव्हते, कुत्र्याकडे बघत होते.

"यालाही मीठ बंद?"

"हो. मूत्रपिंडं."

"आणि याला कुणी म्हणत नाही, सणासुदीला अळणी कसं खायचं म्हणून?"

"नाही."

"नशीबवान आहे," शर्नूबी म्हणाले. त्यात थट्टा नव्हती. मिसला एकदम लाज वाटली, खोटं बोलल्याची नाही, तर एकच मजला खाली एक माणूस दोन वर्षं खारट डबे गिळत होता आणि तिला त्याच्या सूचनांशिवाय त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, याची.

शर्नूबी परत जाऊन अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. "सूचना सतरा कायम. कुत्रे जिन्यावरून जाणार नाहीत. टोपल्यातून जाऊ देत, घरात राहू देत. ज्यांना हरकत आहे त्यांनी हात वर करा." पहिल्या मजल्यावरच्या एकानं हात वर करायला घेतला आणि शर्नूबींच्या चेहऱ्याकडे बघून त्याच हातानं डोकं खाजवलं. "फक्त नाझिर रुग्ण आहे. रुग्णाला टोपल्यात लटकवणं बरं नाही. त्याला जिन्यावरून न्यावं."

"त्याला पायऱ्या उतरवत नाहीत," मिस म्हणाली.

"उचलून न्यावं."

"कोण उचलणार? माझ्यानं होत नाही."

शर्नूबींनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "माझ्याकडे एक जुना गलाबिया आहे," ते शेवटी म्हणाले. "नमाज आटोपली की तो घालून येत जाईन. नंतर आंघोळ करीन."

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर ते खरंच आले, जुन्या गलाबियात, तोंड वाकडं करून, हात लांब धरून. नाझिरनं एकही डोळा न उघडता मान त्यांच्या खांद्यावर टाकली. मिस दारात उभी राहिली. पहिल्या वळणापाशी पावलं थांबली. तिला वाटलं, दमले असतील, आणि ती खाली जायला निघाली. मग तिला आवाज ऐकू आला.

"...आणि धाकटी म्हणते कशी, 'बाबा, डॉक्टरांना काय कळतंय!' तूच सांग, हेडमास्तर. बापाशी असं बोलतात का?"

मिस जागीच थांबली. जिन्यातला दिवा मिनिटभरानं आपोआप विझायचा. तो विझला, तिनं बटण दाबलं. पुन्हा विझला, पुन्हा दाबलं. खाली बोलणं संपेपर्यंत ती तिथंच उभी होती.