वेंडेलची बढती

आमच्या गावात लोक बेसबॉल बघायला येत नाहीत, होतकरू पोरं बघायला येतात. होतकरू म्हणजे एकोणीस वर्षांचा, करारावर सही करतानाच करोडपती झालेला आणि स्वतःचे मोजे कुठे टाकायचे हे अजून न कळणारा मुलगा. मोजे मी उचलतो. संघाचे कपडे धुणं, बूट पुसणं, सामन्यानंतरचं जेवण मांडणं ही माझी नोकरी, तेव्हा मला विचारा.

पण नुसत्या होतकरूंवर संघ चालत नाही हो. त्यांनी फेकलेला चेंडू कुणीतरी झेलावाही लागतो. त्यासाठी आमच्याकडे वेंडेल क्रूगर होता. वय चौतीस, कॅचर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. अर्धं आयुष्य आमच्यासारख्या, मोठ्या संघाला पोरं पुरवणाऱ्या खालच्या संघांच्या बसमध्ये गेलं, पण वरच्या मोठ्या संघात एक दिवस, एक डाव? नाव नको. एवढंच त्याला हवं होतं. एकदा तिथे उभा राहतो आणि मग तुझ्या बापाच्या टायरच्या दुकानात मुकाट बसतो, असं तो बायकोला, मार्लिसला, दर हिवाळ्यात सांगायचा. तीही बिचारी दर हिवाळ्यात ऐकून घ्यायची.

यंदा कोल्टन व्हेसी नावाचं रत्न आमच्या पदरात पडलं. पिचर. चेंडूचा वेग भन्नाट, दिशा देवाच्या हवाली. वेंडेलने त्याच्यावर अख्खा उन्हाळा मेहनत घेतली, चेंडू अंगावर घेतले, शिव्या घातल्या, लाड केले. व्हेसीत उपजतच गुण आहेत, असं मग पेपरात छापून आलं. असतील. त्या उपजत गुणांचे वळ वेंडेलच्या मांड्यांवर होते.

आता आमचे मॅनेजर, बर्ट टॅलिस साहेब. कुणाला वरून बोलावणं आलं तर सरळ सांगतील, छे! आधी पोराला खोलीत बोलावून घ्यायचं, "सामान बांध, तुझी इथे गरज नाही" म्हणायचं, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं की सांगायचं, "गरज वर आहे." साहेब वर्षानुवर्षं हाच विनोद करत आले आणि आम्ही इमानेइतबारे हसत आलो. दाराबाहेर बाकीचे बर्फाच्या पाण्याची बादली घेऊन उभे असायचे. भिजल्याशिवाय कुणी वर गेला नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी बातमी आली, वरच्या संघाच्या कॅचरचा हात मोडला. दुपारी साहेबांनी वेंडेलला बोलावलं. त्याने आधी बाहेर जाऊन कुणालातरी फोन केला, मग केस नीट केले आणि आत गेला. बादली भरायला खुद्द व्हेसी धावला. या पोराने स्वतःच्या हाताने काही उचललेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी दाराशीच टॉवेल रचत होतो. साहेब मान खाली घालून म्हणाले, "वेंडेल, सामान बांध. तुझी इथे गरज उरली नाही."

वेंडेल खुर्चीत रेलून हसला. "बरं साहेब. आता पुढचं बोला."

साहेब टेबलावरच्या सूर्यफुलाच्या बिया चिवडत राहिले. वेंडेल हसू तसंच ठेवून वाट बघत बसला.

"पुढचं काही नाही रे," साहेब म्हणाले.

वर एका दुसऱ्याच गावचा बावीस वर्षांचा होतकरू कॅचर गेला होता आणि आमच्याकडे त्याहून कोवळा एक येत होता. त्याला जागा हवी होती. जन्मभर थापा मारल्या या माणसाने, आणि खरं बोलायला नेमका हाच दिवस सापडला. असा संताप आला मला!

मी पोरांना हात करून थांबवणार, तोवर वेंडेल बाहेर आला आणि बादली त्याच्या डोक्यावर रिकामी झाली. टाळ्या, शिट्ट्या, नुसता गोंधळ. व्हेसीने तर त्याला गच्च मिठीच मारली.

"काका, विमान कधीचं?"

"निघतोच आहे," वेंडेल म्हणाला. निथळत निथळत त्याने एकेकाशी हात मिळवला. मग माझ्याकडे आला, टॉवेल घेतला आणि तोंड पुसता पुसता हळूच म्हणाला, "मार्लिसला तू फोन कर. आत जायच्या आधीच मी तिला तिकिटं काढायला सांगून बसलोय."