बशीत शेती करणारा शालक

अख्ख्या शहादा तालुक्यात माणसांपेक्षा जंतूंचं जास्त मनावर घेणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला शालक म्हणून आला. माझ्या बायकोचा मावसभाऊ. एस.टी. स्टँडच्या मागं त्याची लॅब आहे. लोक केळी लावतात, कापूस लावतात. हा काचेच्या बशीत पू, थुंकी, लघवी पेरतो आणि काय उगवतं ते बघत बसतो. उगवलं की ते दुसऱ्या बशीत पसरून त्यावर औषधाच्या टिकल्या ठेवतो. ज्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल रिंगण पडतं, ते औषध चालणार. जिच्या अंगाला जंतू चिकटून बसले, ते औषध म्हणजे नळाचं पाणी. मी चौथी शिकलेला माणूस. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

हा माणूस दार कोपरानं उघडतो आणि राम राम दोन हात लांबून घालतो. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आपल्या अक्षता माझ्या ओंजळीत ओतून निघून गेला. म्हणे बशीचे चोवीस तास भरले. व्याही वर्षभर फुगून होते. कोणी त्याच दिवशी रिपोर्ट मागितला तर म्हणतो, "केळीनं खोड लावीसन त्याच रोजले घड मांगस का?" औषधाच्या दुकानात कोणी ‘दोन भारी गोळ्या द्या’ म्हणाला की हा त्याला बाजूला घेतो. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की उरलेले जंतू कसे निबर होतात, ते समजावत बसतो. एकाची खापर गावाला जाणारी एस.टी. माझ्या डोळ्यांदेखत सुटली. तो शिव्या देत होता, हा बोलतच होता.

जंतूंविषयी तो बोलतो ते भाऊबंदांविषयी बोलावं तसं. काही जंतू दरोडेखोर असतात म्हणे, धडधाकट माणसालाही पाडतात. पण काही आपल्याच मातीत, पाण्यात, कातडीवर राहणारे. घरधनी खमका आहे तोवर ओट्याखालून राम राम करतात, आणि घरधनी खाटेला लागला की कोठीची किल्ली शोधतात. मी हसायचो. माझ्याच घरात असं होईल हे काय माहीत.

बायकोला साखरेचा आजार. कापूस वेचताना पराटीचं, कापसाच्या वाळल्या झाडाचं, खुंट पायात गेलं आणि जखम चिघळली. डॉक्टरांचं औषध चालू होतं, फरक नव्हता, म्हणून पू तपासायचं ठरलं. ह्यानं फोन करून बजावलं की सकाळी येतो, तोवर जखमेला पाणी नाही, औषध नाही, काही लावायचं नाही.

पण सकाळी बायको हट्टाला पेटली. माहेरचा माणूस येणार आणि पायाला असा वास. म्हणाली, धुवून द्या. आमच्याकडं बाईच्या माहेरचं कोणी येणार असलं तर अंगणसुद्धा सारवून ठेवतात, मग हा तर पाय. मी गरम पाण्यानं धुतला, जखमेचं तांबडं औषध घासून लावलं, कोरी पट्टी बांधली. हा आला, त्यानं विचारलं, काही लावलं नाही ना? मी तोंडावर सांगितलं, नाही. जगात कोणावर विश्वास न ठेवणारा माणूस, त्या दिवशी माझ्यावर ठेवला.

दोन दिवसांनी स्वतः आला. "जिभाऊ, बशी कोरी राहिनी. काहीच उगनं नई." तेव्हा मी धुतल्याचं, औषध लावल्याचं कबूल केलं. त्यानं पुन्हा पू घेतला, आणखी दोन दिवस गेले. ह्या वेळी बशी हिरवी झाली. नऊ टिकल्यांना जंतू चिकटून, रिंगण एकाच टिकलीला. ते औषध त्याच दुपारी चालू झालं. तोवर विष रक्तात उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला जो तो म्हणत होता, तिची वेळ भरली होती, तुमचा दोष नाही. मला त्या बोलण्याचा राग यायचा. ह्यांना काय माहीत. लोक उठल्यावर मी शालकाला विचारलं, ते दोन दिवस वाया गेले नसते तर वाचली असती का?

तो म्हणाला, "दोन दिन गयात, हाई खरं शे. वाचती का नई वाचती, ते माले माहीत नई, जिभाऊ."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं होतं. छातीवरचा दगड हलला नाही, पण निदान दगड आहे हे दुसऱ्या कोणी मानलं.

वाटलं, आता उठेल. तो बसूनच राहिला. खाली बघत म्हणाला, "आक्काले भाऊसमोर धुयेल पाय ठेवाना व्हता. आन् मी भाऊ बनीसन उनूच नई. तब्येत इचारी नई, पयले पट्टी सोडी."

तो भाऊ म्हणून आलाच नाही, आधी पट्टी सोडली, हे मला आठवत नव्हतं. मला आठवत होतं ते वेगळंच, ते मी त्याला सांगितलं. पट्टी सोडताना त्याचा हात लागला तशी ती म्हणाली होती, "तुन्हा हात किती गार शे रे. जेवना का काही?"

त्यानं ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. आता दर रविवारी येतो. चहा निम्मा झाला की हळूच विचारतो, आक्का काय बोलनी व्हती? आणि मी सांगतो.