डोमाजी मास्तरांची वरातीची चाल

तामसीजवळच्या सरकारी शाळेत डोमाजी लागले ते ड्रिल मास्तर म्हणून. कवायत, कबड्डी आणि पोरांची भांडणं, एवढंच काम. पुढच्या वर्षी आदिलाबादहून जीपमधून बँडचं सामान आलं. मोठा ड्रम, काही छोटे ड्रम, बासऱ्या, झांजा आणि एक बिगुल. शिकवणारा मात्र आला नाही. हेडमास्तरांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि सगळं डोमाजींच्या हवाली केलं. शिट्टी तुम्हीच वाजवता, मग हेही जमेल, असं त्यांचं म्हणणं.

डोमाजींना काहीच येत नव्हतं. घर कापूस पेरणाऱ्यांचं. वाजणारी वस्तू म्हणजे एक रेडिओ, तोही मनात आलं तर. पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आदिलाबादच्या बाजारात पांडुरंगरावांचा लग्नाचा बँड होता. डोमाजी दर रविवारी बसने तिथं जाऊन बसू लागले. दुकानात बसून वाजवणं येत नसते, वरातीत चालावं लागते, असं पांडुरंगरावांनी सांगितलं. म्हणून तो अख्खा उन्हाळा डोमाजी लाल कोट घालून वरातीत चालले. एका लग्नात नवरदेवाचा धाकटा भाऊ त्यांच्याच शाळेतला निघाला. त्यानं भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. डोमाजींनी झांज न थांबवता मान हलवली. त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, तो कोट कधी अंगणात वाळत घातला नाही.

पोरं शिकली. अडचण एवढीच, की वरातीची चाल पोरांच्या पायात उतरली. पंधरा ऑगस्टला मंडल कचेरीपुढं परेड सुरू झाली, की थोड्या वेळात खांदे हलायला लागत आणि पाहणाऱ्यांना वाटे, मागून घोड्यावर नवरदेव येतोय. तहसीलदारांनी एकदा विचारलं. ताल बरोबर आहे, पाय सुधरवतो, असं डोमाजी म्हणाले. ते पाय ते नोकरी संपेपर्यंत सुधरवत राहिले.

मोठ्या ड्रमचं खरं अवघड होतं. तो पोटावर बांधून चालावं लागे, आणि चांगली थोराड पोरंही अर्ध्या मैदानात वाकत. नववीतली रंजीता वेचणीच्या दिवसांत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन घरी यायची. डोमाजींनी तिला ड्रम बांधून पाहिला. ती मैदानाला चक्कर मारून आली आणि आता काय करू म्हणून विचारू लागली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. डोमाजी तिच्या शेतात गेले. तिचे वडील सुरेंद्र कापूस वेचत होते. बसायला जागा नव्हती, म्हणून मास्तरही शेजारच्या ओळीत वेचायला लागले. शेताच्या कडेचा धुरा येईपर्यंत दोघं वेचत गेले.

"पोरीच्या जातीनं पोटाले ढोल बांधून गावातून चालावं काय, मास्तर?" सुरेंद्रनं विचारलं.

"मंग कोण चालन? पोट्टे वाकून राह्यले."

"लोक हासतीन."

"हासतीन," डोमाजी म्हणाले. "मले लाल कोटात पाह्यलं तवापासून हासूनच राह्यले. मी वाजवनं सोडलं नाही."

सुरेंद्रनं वरची ओळ धरली, ती संपवली, आणि वेचणी झाल्यावर पोरगी पाठवतो म्हणून सांगितलं.

सव्वीस जानेवारीला रंजीता ड्रम वाजवत गावातून चालली. लोक हसले. पुढच्या वर्षी हसले नाहीत. तोवर छोट्या ड्रमवरही पोरीच आल्या होत्या, आणि हसायचं तर आपल्याच घराला हसावं लागलं असतं.

मग मराठीचे वर्ग ओसरत गेले, तेलुगूचे भरले. बँडमध्ये कोण कुठल्या माध्यमाचं, हे डोमाजींनी विचारलं नाही. ते मोजायचे हिंदीत आणि रागवायचे मराठीत. दोन्ही सगळ्यांना कळायचं.

निवृत्तीच्या दिवशी मंडप घातला, शाल दिली, भाषणं झाली. शेवटी बँड वाजायला लागला. छोटे ड्रम तालाच्या पुढं पळाले. डोमाजी गळ्यातल्या हारासकट खाली उतरले आणि हात वर करून म्हणाले, "पयल्यापासून."

पोरांनी परत सुरू केलं. त्यांनी परत थांबवलं. पाहुणे आधी कौतुकानं उभे होते, मग नुसतेच उभे होते. आचाऱ्यानं भाताचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. शेवटी एकदाची चाल जमली. डोमाजींनी सामान पुसून ठेवायला सांगितलं आणि वळून पाहिलं, तर मंडपातल्या खुर्च्या जेवणाकडे गेल्या होत्या. त्यांचं भाषण राहूनच गेलं.

घरी कौशल्याबाईंनी कसं झालं विचारलं. छोटे ड्रम पळतात, एवढंच ते बोलले. मग नळावर जाऊन बराच वेळ तोंड धुवत राहिले. कौशल्याबाईंनी टॉवेल नेऊन दिला.

त्यांची जागा भरली गेली नाही. सोमवारी प्रार्थनेच्या वेळेला डोमाजी शाळेच्या फाटकात उभे होते. नव्या हेडमास्तरीण प्रियदर्शनी मॅडमनी काय काम आहे विचारलं. छोटे ड्रम अजून पळतात, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी शिपायाला मैदानात खुर्ची टाकायला लावली. खुर्ची आली. डोमाजींनी तिच्यावर आपली टोपी ठेवली आणि पोरांना रांगेत उभं केलं.