एका झाडाची राखण

ओमा ‘नाही’ म्हणाली की त्यापुढे काही बोलत नसे. ‘नाही, कारण…’ असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. दारात विमा विकायला आलेला मुलगा, मीठ कमी करा म्हणणारा डॉक्टर, चर्चच्या गायनात परत ये म्हणून आग्रह करणारी मैत्रीण, सगळ्यांना एकच कोरडं ‘ने’, म्हणजे डच भाषेतलं ‘नाही’. मग ती समोरच्याकडे शांतपणे बघत उभी राही. तो हसे, पाय बदले, घसा खाकरे आणि शेवटी निघून जाई. मी पुण्यात नन्सच्या शाळेत शिकले. तिथे ‘नो’च्या आधी ‘सॉरी’ आणि नंतर ‘थँक यू’ लावायला शिकवतात, आणि मधे पटतील अशी दोन-तीन कारणं. ओमाचं हे उघडंवाघडं ‘नाही’ मला आधी उद्धट वाटलं, मग भीतिदायक. नंतर त्याचा हेवा वाटायला लागला.

हॉलंडमध्ये आइंडहोवनला नोकरी लागली तेव्हा शहरात परवडेल असं घर मिळेना. शेवटी सायकलच्या अंतरावरच्या एका गावात, विटांच्या बैठ्या घरांच्या रांगेत, पोटमाळ्यावरची खोली मिळाली. घर एका म्हाताऱ्या मोलुकन बाईचं. डच भाषेत ओमा म्हणजे आजी. तिला अख्खी गल्ली तेच म्हणे, मीही म्हणू लागले. ती मला ‘नोना’ म्हणे. त्यांच्याकडे मुलीला तसं म्हणतात.

पहिल्या दिवशी तिने माझी नोकरी, पगार, धर्म यांपैकी काही विचारलं नाही. विचारलं, “गाव कुठलं?”

“पुणे.”

“ते शहर आहे, मला माहीत आहे. गाव विचारलं.”

मला आठवावं लागलं. कराडच्या पलीकडे आजोबांचं एक गाव आहे, तिथे मी लहानपणी कुठल्याशा लग्नाला गेले होते. तसं सांगितलं.

“नकाशावर आहे?”

“आहे.”

“मग तुझं सोपं आहे,” ती म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

तिचं गाव नकाशावर नव्हतं. हातुमेना. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला मोलुक्का बेटांचा पसारा आहे. त्यातल्या एका एवढ्याशा बेटाच्या एका बाजूला ही वस्ती. दुसऱ्या बाजूला नुसता कडा. एकच पायवाट, तिच्या एका टोकाला पत्र्याचं चर्च, दुसऱ्या टोकाला होड्या ओढून ठेवायची वाळू. समुद्र खवळण्याच्या महिन्यांत होडी लागत नसे, मग मीठ, रॉकेल, बातम्या सगळंच बंद. लवंगा तोडल्या की पायवाटेवर चटया अंथरून वाळवायच्या. त्या दिवसांत माणसांनी कडेकडेने चालायचं, कारण वाट लवंगांची. मी एकदा फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडून ते बेट मोठं करकरून पाहिलं. हिरव्या ठिपक्यावर पांढरा ढग बसला होता.

“इथे तर काहीच दिसत नाही, ओमा.”

“ढगाखाली आहे,” ती म्हणाली. तिला त्यात काहीच अडचण वाटली नाही.

तिने हातुमेना सोडलं तेव्हा ती लहान मूल होती. त्यामुळे तिला गावातल्या लोकांचे चेहरे आठवत नसत, पाय आठवत. पाद्रीबाबांचे बूट, एका मावशीची भेगाळलेली टाच, आजोबांच्या पायाचं आखूड बोट. या आजोबांची आठवण ती मान ताठ करून काढी. ते गावचे केवांग होते, म्हणजे रान आणि समुद्र यांचे राखणदार. नारळ कधी उतरवायचे, खाडीत जाळं कधी टाकायचं हे ते ठरवत, आणि गावच्या प्रमुखालाही ते ऐकावं लागे.

मग ते जहाज आलं. तिचे वडील डचांच्या फौजेत शिपाई होते. डचांचं राज्य गेलं, नव्या देशात या शिपायांना जागा राहिली नाही, आणि सहा महिन्यांसाठी म्हणून त्यांना बायकामुलांसकट हॉलंडला आणलं. उतरल्यावर फौजेतून काढून टाकलं आणि जंगलातल्या लाकडी बराकींत ठेवलं. “ते सहा महिने अजून चालू आहेत,” ओमा म्हणे. हे वाक्य त्या गल्लीत सगळेच म्हणतात. ओमा ते म्हणताना घड्याळाकडे बघे.

बराकीतल्या वर्षांत वडिलांनी दारात एक रोपसुद्धा लावू दिलं नाही. झाड लावलं म्हणजे राहिलो, असं त्यांचं म्हणणं. पुढे सरकारने विटांची घरं दिली तेव्हा आईने बाजारातून पेअरचं रोप आणलं आणि घरांच्या मागच्या सामाईक हिरवळीवर लावलं. वडील कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. “आई म्हणाली, जायचं तेव्हा जाऊ, तोवर मला सावली पाहिजे,” ओमा सांगे. मला वाटतं, ते ‘नाही’ ओमाकडे आईकडून आलं असावं.

त्या झाडापायी माझी पहिल्याच उन्हाळ्यात फजिती झाली. एका सकाळी बघते तर झाडाच्या बुंध्याभोवती हिरव्या पानांच्या पट्ट्या ओळीने बांधलेल्या. मला एकदम घरची आठवण आली. सण असेल यांचा, आणि हे तोरण. आपल्याकडे दाराला पानं बांधली की ‘या’ असाच अर्थ. मी इतकी खूश झाले की हात वर करून एक पेअर तोडला आणि चावला. लाकूड! ते शिजवून खायचे पेअर होते, कच्चे चावले तर दात हलावेत असे. तोंड वाकडं करून वळले तर स्वयंपाकघराच्या खिडकीत ओमा, शेजारच्या खिडकीत शेजारीण, तिच्या पलीकडे तिची सून.

ते तोरण नव्हतं, सासी होतं. हातुमेनात झाडाला नारळाच्या कोवळ्या झावळीच्या पट्ट्या बांधल्या की त्या झाडाला हात लावायला बंदी. फळ पुरतं तयार झालं, की केवांग चर्चमध्ये प्रार्थना करून सासी उघडणार आणि मग सगळ्या गावाने मिळून तोडायचं. तोवर मालकसुद्धा नाही. इथे झावळ्या नाहीत म्हणून ओमा आठवडी बाजारातून प्रेई आणे. प्रेई म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीची आडदांड थोरली बहीण. तिचे हिरवे शेंडे भाजीवाला फेकून देतो, ते ओमा पिशवीभर घेऊन येई आणि उभे चिरून बांधे.

“आमच्याकडे पानं ‘या’ म्हणायला बांधतात,” मी कानापर्यंत लाल होऊन म्हणाले.

“मग तुमच्याकडे फळं उरत नसतील,” ओमा म्हणाली.

सासी मोडलं की शिक्षा असते. हातुमेनात चर्चचं अंगण झाडावं लागे, मला झाडाखालची हिरवळ मिळाली. सासी उघडेपर्यंत रोज ऑफिसला जाण्याआधी मी पानं गोळा करत होते आणि येणारा-जाणारा विचारत होता, “काय नोना, गोड होता का?” मी चारचौघांत बोलायला घाबरते. पण त्या झाडलोटीनंतर गल्लीत माझं नाव सगळ्यांना माहीत झालं. सप्टेंबरच्या एका रविवारी ओमाने सासी उघडलं. साऱ्या घरांतून टोपल्या निघाल्या. तिने पहिले पेअर लवंगा घालून मंद शिजवले, आणि पहिली वाटी मला दिली. “शिक्षा झालेल्याला आधी. म्हणजे राग राहत नाही.”

पुढच्या वसंतात त्या बुंध्यावर कोणीतरी नारिंगी रंगाची फुली मारून गेलं.

ही घरं ज्या संस्थेची, तिचा एक अधिकारी आला. उंच, तरुण, फार नम्र. जमिनीखालच्या सांडपाण्याच्या नळ्या जुन्या झाल्या होत्या, झाडाची मुळं त्यांत शिरली होती. झाड काढावं लागेल, बदली नवी झाडं लावू, तुम्ही जात निवडा, असं त्याचं म्हणणं. ओमाने त्याला कॉफी दिली, बिस्किट दिलं आणि ‘ने’ दिलं.

“पण का, मेव्हराउ? तुमचं कारण समजलं तर मला वर सांगता येईल.”

“ने.”

तो हताश होऊन माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, “तुम्ही जरा समजवाल का त्यांना?”

मला कारणं सुचत होती. आईने लावलेलं झाड, परंपरा, गल्लीच्या भावना. मी त्याला सुरेख इंग्रजीत परिच्छेद लिहून दिला असता. मी तोंड उघडलं तेवढ्यात ओमाने माझ्या मनगटावर हात ठेवला. तो गेल्यावर म्हणाली, “माझ्या वडिलांनी जन्मभर कारणं दिली. या लोकांना कारण दिलं की ते कारण खोडून काढतात. मग आपल्या हातात काय राहतं? नुसतं ‘नाही’ खोडता येत नाही, नोना. त्याला धरायला जागाच नसते.”

गल्ली तिच्या बाजूने होती असं नाही. तिचा मुलगा बेन, तीन घरं सोडून राहणारा, तावातावाने आला. “आई, माझ्या न्हाणीघरात गुडघाभर घाण पाणी येतं. नातवंडं तुझ्याकडे अंघोळीला येतात. एका झाडासाठी?”

“येऊ देत. साबण आहे.”

“तू हातुमेनात नाहीस!”

“तू आहेस का इथे?” ओमा म्हणाली. “इथला आहेस तर जा आणि म्हण, नळ्या दुसऱ्या बाजूने घाला. तुझा बाप पोस्टात होता, तू इथलं डच माझ्यापेक्षा चांगलं बोलतोस. का विचारत नाहीस?”

बेनने दार आपटलं.

त्या आठवड्यात तिने मला बाजारात पाठवलं आणि प्रेईचे शेंडे आणवले. फळांचा हंगाम नव्हता, झाडाला नुसत्या कळ्या होत्या. तिची बोटं तोवर सांध्यांत वाकली होती, गाठ बसेना. “तू बांध,” ती म्हणाली. गाठ कशी घालायची ते शिकवलं. चुकली की सोडायला लावी, आणि म्हणे, “तोरण नाहीये हे, घट्ट!” फुलीवरून मी पट्ट्या बांधल्या. नारिंगी रंग झाकला गेला.

झाड तोडणारे एका ओलसर सकाळी आले. मुकादम डच, बरोबर दोन माणसं. करवत घेतलेला माणूस झाडाशी गेला आणि थांबला. त्याने एक पट्टी बोटांत धरून पाहिली. त्याचा चेहरा ओमाच्या माणसांसारखा होता, कुठल्याशा दुसऱ्या गावच्या मोलुकन गल्लीतला असावा.

“काय झालं?” मुकादम ओरडला.

“सासी आहे.”

“काय आहे?”

“बंदी. मी हात लावणार नाही.”

“अरे, प्रेई आहे ती! सूप करतात तिचं!”

“दिसतंय मला,” तो म्हणाला, आणि खिडक्यांकडे बघून मोठ्याने विचारलं, “केवांग कोण आहे इथे?”

ओमा मागच्या दाराच्या पायरीवर उभी होती, घरातल्या सपाता घालून. “मी,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नसावा. त्या माणसाने हेल्मेट काढलं. मुकादमाने फोन काढला. पावसाला सुरुवात झाली. बाकीची कथा लांबवत नाही; त्या दिवशी करवत न वापरताच गाडीत गेली. संध्याकाळी बेन आला, आईकडे न बघता मला म्हणाला, “त्या अधिकाऱ्याचा नंबर आहे का? मला विचारायचंय, नळ्या समोरून का जात नाहीत.”

त्यावर चर्चा सुरू झाल्या. त्या संपायच्या आत ऑगस्टमध्ये ओमाचं हृदय थकलं. आइंडहोवनच्या रुग्णालयात मी तिला भेटायला गेले, तेव्हा खिडकीबाहेर सायकलींचा समुद्र होता. ती तिकडे बघत होती, म्हणजे नुसते पाय बघत होती बहुतेक.

“ओमा, पेअर होत आलेत. सासी उघडणार कोण?”

“ज्याने बांधलं तो.”

“मी? मी तुमच्यातली नाही.”

“ने,” ओमा म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. ते ‘नाही, तू आमच्यातली नाहीस’ असं होतं, की माझं कारणच नाकारणारं, हे मी अजून ठरवलेलं नाही. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

चर्चमध्ये बेनने तिच्या शवपेटीत मूठभर लवंगा ठेवल्या. त्या वर्षी मी सासी उघडलं नाही. पेअर गवतावर पडले, पण गल्लीतल्या लहान पोरांनीसुद्धा एक उचलला नाही. मी सकाळी खालची हिरवळ झाडत होते.

ऑक्टोबरमध्ये तो नम्र अधिकारी परत आला. मी एकटी घरी होते. त्याने आधी ओमाबद्दल मनापासून दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, समोरून नळ्या नेणं शक्य आहे, पण खर्चाचं आहे. आता विरोध करणाऱ्या बाईच नाहीत तर बाकीच्यांची, म्हणजे आमची, काही हरकत नसेल ना? त्याच्या मागे झाड दिसत होतं. पट्ट्या वाळून पिवळ्या पडल्या होत्या, पण गाठी पक्क्या होत्या. त्या माझ्या होत्या.

“ने,” मी म्हणाले.

सॉरी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. तो वाट बघत राहिला, मान किंचित कलती करून, पुढचं ऐकायला. त्याने पाय बदलले. घसा खाकरला. मी त्याच्याकडे बघत दारात उभी राहिले.