सासूबाईंनी माझं कौतुक केलं तेव्हा

सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या, त्या पहिल्याच दिवशी मी त्यांना एक सल्ला दिला. "आई, रिंग रोडवरून जायचं असेल ना, तर निघण्याआधी पाणी प्यायचं नाही. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की लघवीला लागलं तरी देवाचा धावा करण्यापलीकडे काही करता येत नाही." माझं अख्खं ऑफिस याच तत्त्वावर चालतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी माझं काही ऐकलं असेल तर एवढंच.

त्याच रिंग रोडवर मारतहळ्ळीला मराठी बायकांचं भजन असतं. तिथे त्या जवळजवळ रोज जायला लागल्या. दुपारी जायचं म्हणून सकाळपासून पाणी बंद, आणि तिथे लोकांच्या घरी बाथरूम कशी विचारायची म्हणून परत येईपर्यंत सगळं रोखून धरायचं. हे आम्हाला नंतर कळलं.

आधी कळलं ते कौतुक. रविवारी सकाळी उपमा मी करतो. हा उपमा भिंतीला पडलेल्या भेगा बुजवायला बरा, असं सासूबाईंचं जुनं मत. त्या रविवारी मात्र दोन घास खाऊन म्हणाल्या, "जावईबापू, छान झालाय हो. माझी मुलगी भाग्यवान."

मी बायकोकडे पाहिलं. ती फोनवर होती. मी स्वतःला आणखी उपमा वाढून घेतला. न्याय मिळाला की माणसाने शांत राहावं. दुसऱ्या दिवशी मी सोफ्यावर आडवा पडून क्रिकेट बघत होतो, तर सासूबाई येऊन म्हणाल्या, "किती राबता तुम्ही. जरा पडा आता." मी पडलेलाच होतो. मला वाटलं, उशिरा का होईना, माणसाची किंमत कळते.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "बाबा आले का गं बँकेतून?"

माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झालीत. बायको हातातली कोथिंबीर तशीच ठेवून त्यांच्याजवळ बसली. कपाळाला हात लावला, थोडं गरम लागलं. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "मावशीचं असंच सुरू झालं होतं." तिची मावशी शेवटी शेवटी स्वतःच्या मुलांनाही ओळखत नव्हती. मी गाडीची किल्ली घेतली.

दवाखाना तसा जवळ, पण रस्ता आमच्याकडचा. गाडी एका जागी उभी होती. मागच्या सीटवर बायकोने आईचा हात धरला होता. सासूबाई म्हणाल्या, "किती छान चालवता हो गाडी."

बायको रडायला लागली.

मी तेव्हाच सांगून टाकलं की हे कालपासून चालू आहे, उपम्यापासून.

"आणि तू मला आत्ता सांगतोयस?"

"मला वाटलं, खरंच आवडला असेल."

"अरे, तुझा उपमा. आईला."

मी उगाच हॉर्न वाजवला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कन्नड बोलणाऱ्या, आमच्याशी हिंदीत बोलत होत्या. त्यांनी विचारलं, बदल कधीपासून? बायकोने माझ्याकडे बोट केलं. मला डॉक्टरांसमोर साक्ष द्यावी लागली की यांनी माझं कौतुक केलं. हे लक्षण कसं, ते बायकोने समजावलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा डॉक्टरांना फारच लवकर पटलं.

मग रक्त घेतलं. लघवीसाठी नर्सने झाकणाची निर्जंतुक बाटली दिली आणि सांगितलं, "अज्जी, पहिली थोडी सोडायची, मग मधली बाटलीत धरायची." बायको आईला घेऊन आत गेली. मी बाहेर भिंतीवरची 'आगीच्या वेळी काय करावे' ही पाटी अत्यंत लक्षपूर्वक वाचत उभा राहिलो.

लघवीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टर म्हणाल्या, वय झालं की कधी कधी जळजळ, ताप यांच्या आधी माणूस गोंधळतो, म्हणून असं अचानक झालं तर घरी बसून वाट बघायची नाही. हा विसरण्याचा आजार वाटत नाही, बहुतेक उतरेल. या 'बहुतेक'वर बायकोने पुढचे दिवस काढले. जळजळ होत होती का, असं विचारल्यावर सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "होत होती. पण जावयाच्या घरात हे कुणाला सांगायचं?"

"पाणी का पीत नव्हता?" रिपोर्ट बघत डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. एका बैठकीत दुसऱ्यांदा.

औषध सुरू झालं. पण जंतूही सासूबाईंच्याच वळणाचे, पहिल्या गोळीला त्यांनी जुमानलं नाही. कोणतं औषध लागू पडेल ते सांगणारा कल्चरचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि बरं वाटलं तरी मधेच थांबवायची नाही असं बजावलं. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आईच्या मागे मागे. मधूनच विचारायची, "आज वार कोणता?" सासूबाई कधी बरोबर सांगायच्या, कधी भलताच. भलता सांगितला की बायको स्वयंपाकघरात जाऊन, रडणं ऐकू येऊ नये म्हणून, नळ सोडायची.

पुढच्या रविवारी मी उपमा केला. बायको समोर बसून आईच्या तोंडाकडे बघत होती. सासूबाईंनी एक घास खाल्ला. चमचा उपम्यात खोचला. तो उभा राहिला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "बाल्कनीतली फरशी निघालीय ना? हा आहे तोवर बसवून घ्या."

बायकोने आईच्या गळ्यात हात टाकले, आणि बराच वेळ काढलेच नाहीत. मी आपला माझ्या वाट्याचा उपमा खात राहिलो.

नंतर भांडी लावता लावता ती मला म्हणाली, "यापुढे कुणी तुझं कौतुक केलं ना, की आधी त्याची लघवी तपासायला पाठवायची."