सुभेदारांनी मागितलेला पाठिंबा

सुभेदार हंबीरराव सैन्यातून निवृत्त होऊन पलूसकडच्या आमच्या गावी परतले, तेव्हा लोकांना वाटलं, आता हे ट्रॅक्टर घेतील नाहीतर राजकारणात पडतील. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. ते पटावरचे खेळ मागवू लागले.

पट मांडून बसायची सवय लडाखच्या चौकीवर लागलेली. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने, राजेश्वरीने, त्यांना मोबाइलवर एक वेबसाइट दाखवली. तिथे एकटीदुकटी माणसं स्वतः रचलेला खेळ मांडतात. आवडला तर लोक आधीच पैसे भरतात आणि पुरेसे लोक जमले तरच तो छापला जातो.

"आन हातात कवा पडतो?" बनुबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"वरीस-दीड वरीस लागतंय."

"म्हंजे म्हस अजून गाभण न्हाई, आन तुमी खरवसाचं पैसं देऊन बसलाय."

मधल्या काळात खेळ रचणारे खुशाली कळवत राहतात. जहाज अडकलं, छापखाना बंद पडला, मुलगी झाली. सुभेदारांना सख्ख्या पुतण्याच्या पोराचं नाव आठवायचं नाही, पण पोलंडमधल्या कुणाच्या लेकीला दात आले हे ते पारावर सांगायचे.

एकदा तिथल्या राक्षसांच्या आणि अंतराळयानांच्या गर्दीत त्यांना मराठी नाव दिसलं, 'पाणी चढतंय'. वाईच्या अनीश नावाच्या तरुणाचा खेळ. नदीला पूर आलाय, सगळ्या खेळाडूंनी मिळून गाव वाचवायचं. मुदत संपत आली होती आणि माणसं कमी पडत होती. कृष्णेचं पाणी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलेल्या सुभेदारांना राहवेना. पांढरा सदरा घालून ते घरोघर फिरू लागले.

"पाठिंबा द्या," ते हात जोडून म्हणत. "पोरगा गुणी हाय."

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. संध्याकाळी सरपंच वीरधवल दारात हजर.

"सुभेदार, सरळ सांगा. उभं ऱ्हायचं हाय का तुमास्नी?"

"मी कशाला उभा ऱ्हातोय? खेळाला पाठिंबा मागतोय."

"व्हय, खेळच की त्यो."

"आरं, पुठ्ठ्याचा खेळ!"

वीरधवलने समजूतदारपणे मान हलवली आणि एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. गावातले सगळे माजी सैनिक सुभेदारांना मानतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने आपल्या गटातल्या प्रत्येकाला खेळाचे पैसे भरायला लावले. हे कळताच विरोधी गटाच्या कृष्णातने आपली माणसं मोबाइल घेऊन बसवली. मुदतीआधीच खेळाला हवी तेवढी माणसं मिळाली. "खेड्यातल्या रसिकांची जाण पाहून भारावलो," असं अनीशने लिहिलं. सुभेदारांनी ते पारावर मोठ्याने वाचलं. दोन्ही गटांनी गंभीरपणे टाळ्या वाजवल्या.

निवडणूक झाली, वीरधवल पुन्हा निवडून आला. बऱ्याच महिन्यांनी खोकी आली. लोकांना ती मागवल्याचंही आठवत नव्हतं. सुभेदारांनी दोघा पुढाऱ्यांना सोप्यात बसवून नियम सांगितले.

"मी आन ह्यो एका बाजूला?" कृष्णात म्हणाला. "मग इरोधात कोण?"

"पाणी."

दोघं पटाजवळ सरकले. मग खेळले. दोघांनीही होड्या आपापल्या आळीकडेच वळवल्या. गाव बुडालं, आणि कुणामुळे बुडालं यावर चहा निवेपर्यंत भांडण झालं. दुसऱ्या दिवशी वीरधवल स्वतःचं खोकं घेऊन आला. म्हणाला, दोन पट मांडू, कोण आधी गाव वाचवतंय ते दिसंलच.

तेव्हापासून मारुतीच्या देवळात शेजारीशेजारी दोन पूर येतात. जिंकणारा गट गुलाल उधळतो. हे बघायला अनीश मुद्दाम वाईहून आला. थोडा वेळ बघून तो हळूच म्हणाला, "पण असं नियमात नाहीये."

"मग घाला की!" दोन्ही पुढारी एका सुरात म्हणाले. गावात त्यांचं एकमत झालेलं सुभेदारांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते नेमकं ह्यावर व्हावं याचं त्यांना फार वाईट वाटलं.

अनीशने पुढच्या छपाईत दोन पटांचा नियम घातला. पुण्याकडे तोच जास्त चालतो म्हणे. सुभेदार मात्र बनुबाईंसोबत जुन्या नियमानेच खेळतात. पटावरच्या शेळ्या काठावर ठेवून होडीत बसायला बनुबाई तयार नसतात, त्यामुळे बहुतेक वेळा दोघं बुडतात. पण बरोबर बुडतात, आणि लगेच पुन्हा पट मांडतात.