कामापुरता नको

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि मला व्हिडिओ गेम खेळायला आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरचा माणूस त्यात कोणाचं तरी पोर घुसवतो. भाच्यासाठी का? पुतण्यासाठी का? पोर नाही. मी आहे. मी खेळते.

वर्ध्याला लागून नालवाडीत आमचं घर आहे. घरात बाबा आणि मी. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, आई जाऊन सहा वर्षं झाली, दादा बायकोपोरांसह पुण्यात. माझं लग्न झालेलं नाही, आणि ते का झालं नाही असं विचारणाऱ्याला मी आता चहासुद्धा देत नाही. सिंदी रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये मी कापसाची ग्रेडर आहे. शेतकऱ्याची गाडी आत आली की मुठीएवढा कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून तंतू ओढून बघायचा आणि प्रत सांगायची. वर चांगला कापूस आणि खाली फरदड, म्हणजे मागाहून आलेला हलका कापूस, असं कोणी भरून आणलं तर तेही माझ्या अंगठ्याला कळतं. हंगामात सकाळच्या गाडीने जाते आणि संध्याकाळी केसांत रुई घेऊन परत येते. पावसाळ्यात जिनिंग बंद, दिवस रिकामे.

अशाच एका पावसाळ्यात, आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, दादाच्या पोरांनी टाकून दिलेला जुना गेम कन्सोल मी माळ्यावरून काढला आणि टीव्हीला जोडला. घोड्यावरून डोंगर-नद्या पार करत फिरायचा एक खेळ त्यात होता. पहिले चार दिवस मी घोडा नदीत बुडवत राहिले. पाचव्या दिवशी पार झाले. पलीकडच्या काठावर घोडा ओला होऊन उभा होता आणि मी इकडे खुर्चीत एकटीच खदखदून हसत होते. आई गेल्यापासून मी त्या घरात तशी हसले नव्हते. तेव्हापासून खेळते आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

यंदा ऐन श्रावणात तो कन्सोल बंद पडला. शेवटी शेवटी त्याच्या पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा यायचा आणि बाबा म्हणायचे, "बंद कर ते, घर उडून जाईन एखाद्या दिवशी." मी नवा घ्यायचं ठरवलं. एकाच कंपनीचे दोन होते. एक लहान, पांढरा, स्वस्त, ताकदीला कमी. दुसरा मोठा, काळा, चांगलाच महाग आणि ताकदीला भारी. मी आठवडाभर फोनवर दोघांची माहिती वाचत होते. बाबांनी एकदा चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले आणि निकाल देऊन टाकला.

"लहान घे. आपल्याले कामापुरता झाला म्हणजे झालं."

आता या शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण माझं अर्धं आयुष्य त्याच्यातच गेलं आहे. दादा आठवीत गेला तेव्हा त्याला नवी सायकल आली. मी आठवीत गेले तेव्हा बाबांनी त्याच सायकलची मधली दांडी कापून खाली वेल्डिंग करून घेतली आणि तिची लेडीज सायकल करून मला दिली. शाळेत जायच्या कामापुरती होती. दादा इंजिनिअरिंगला पुण्यात, मी बीएस्सीला वर्ध्यात. नोकरी लागेल एवढ्या कामापुरतं शिक्षण होतं. बाबा कंजूष नाहीत, दुष्ट तर अजिबात नाहीत. स्वतःसाठीही ते कामापुरतंच घेत आले आहेत. पण दादासाठी काही घेताना त्यांच्या तोंडात वेगळा शब्द यायचा. "पुढं कामी येईन," म्हणायचे. त्याच्यासाठी घेतलेल्या वस्तूला पुढचे दिवस असायचे. माझ्या वस्तूला तेवढ्यापुरतं काम असायचं. हे मला कितीतरी वर्षं दिसलंच नाही, आणि दिसलं तेव्हा इतका राग आला की मी दोन दिवस जेवताना बाबांकडे पाहिलं नाही. त्यांना वाटलं पित्त झालं असेल.

दुकानात बाबा सोबत आले. प्लग लागणारी कोणतीही वस्तू बाबांशिवाय विकत घ्यायची नाही, अशी आमच्या घरची रीत. दुकानदार तिशीतला, बोलायला गोड. त्याने माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, "काका, नातवासाठी पायजे काय?"

"हो, नातवासाठीच," बाबा म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले. माझ्या बाबांनी आयुष्यात तिकिटाशिवाय एक स्टेशन प्रवास केला नाही, आणि इथे डोळ्यांची पापणी न लवता खोटं बोलले. मला वाईट वाटलं ते खोट्याचं नाही. पोरगी खेळते, हे सांगायची त्यांना लाज वाटली, त्याचं वाटलं.

"नातवासाठी नाई," मी म्हटलं. "मी खेळते."

दुकानदाराने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग तर मॅडम, तुम्हाले हा लहानच बरा. एकदम कामापुरता आहे. घरी टीव्ही कोणता?"

"बत्तीस इंची. जुना आहे."

"मंग खरं सांगू काय? मोठा घेऊन फायदा नाई. त्या टीव्हीवर तुम्हाले फरकच नाई दिसणार." माणूस प्रामाणिक होता. महाग वस्तू विकायची सोडून खरं सांगत होता, त्याबद्दल आजही माझी तक्रार नाही.

बाबांचा चेहरा खुलला. "ऐकलं? दुकानदार स्वतः सांगून राह्यला. काऊन जिद्द करून राह्यली?"

खोटं कशाला सांगू, त्या मिनिटाला मी लहानच घेणार होते. हात त्या पांढऱ्या खोक्यावर ठेवलासुद्धा होता. दुकानदाराचं खरं होतं, बाबांचं खरं होतं, आणि माझ्या भांडणाला शेंडा ना बुडखा. मोठ्याला डिस्कची फट होती, लहानाला नव्हती, आणि माझ्याकडे जुन्या डिस्क होत्या. तेवढं कारण पुढे केलं असतं तर दोघंही लगेच मान हलवून मोकळे झाले असते. पण मला कारण द्यायचं नव्हतं. दादाच्या सायकलला कोणी कारण मागितलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "कापसाच्या गाठी बांधल्यावर वरून सगळ्या सारख्याच दिसतेत. मंग मले पगार कायचा देतेत?"

"कापसाचं वेगळं अन् खेळण्याचं वेगळं."

"काऊन वेगळं?"

दुकानदार उगाचच काऊंटरची काच पुसायला लागला. मी पांढऱ्या खोक्यावरचा हात काढला. "मोठा द्या," म्हटलं. आवाज जरा चढला होता, शेजारी मिक्सर बघत असलेल्या बाईने वळून पाहिलं. पाहू दे म्हटलं.

येताना स्कूटर मी चालवत होते आणि बाबा मागे खोका मांडीवर धरून बसले होते. खड्डा आला की खोका दोन्ही हातांनी आवळून धरत, तेवढं आरशात दिसायचं.

घरी आल्याबरोबर जोडला. बाबा खुर्ची घेऊन समोर बसले. तोच डोंगर आला, तीच नदी, तोच घोडा. पंख्याचा आवाज नव्हता, एवढंच.

"दिसते काय फरक?" बाबांनी विचारलं.

"नाई दिसत."

"मंग?"

"मंग काई नाई. मले पायजे होता."

ते उठून अंगणात गेले. मी खेळत राहिले, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी घोडा दोनदा दरीत घातला. चित्त ठिकाणावर नव्हतं.

संध्याकाळी पुण्याहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी सगळं सांगितलं, दुकानदाराच्या शब्दांसकट. दादा हसला. "बरं केलं मोठा घेतला ते. दिवाळीत आम्ही येऊच, पोरांच्या कामी येईल."

झालं. माझ्या पैशाने, माझ्या जिद्दीने, भर दुकानात भांडून घेतलेली वस्तू दोन वाक्यांत त्याच्या पोरांची झाली. आणि बाबा मान हलवत होते. आता कुठे त्यांना त्या खरेदीत अर्थ सापडला होता. माझी कानशिलं तापली. मी बाबांच्या हातातल्या फोनसमोर तोंड नेलं.

"तो माहा आहे, दादा. पोरायले खेळाचं असन तं मले विचारतीन. मी हो म्हटलं तं खेळतीन."

"अगं, पोरं आहेत ती."

"मी कुठं नाई म्हटलं? विचारतीन म्हटलं."

बाबांच्या हातातला फोन हळूहळू कलला आणि दादाला बहुतेक आमचा छताचा पंखाच दिसत राहिला. मग त्याने प्रकृतीचं विचारलं, पाण्यापावसाचं विचारलं आणि फोन ठेवला. पुढचे दोन दिवस बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळचे सात वाजले. सात वाजता आमच्या घरात बातम्या लागतात, लहानपणापासून. सातला बाबा येतात, रिमोट उचलतात आणि चॅनल बदलतात. आईची मालिका शेवटच्या पाच मिनिटांवर आलेली असो, मी काहीही बघत असो, त्याने काही फरक पडत नसे. आईने कधी तक्रार केली नाही आणि मीही केली नाही. ते तसंच असतं असं वाटायचं.

मी कडा चढत होते, घोडा अर्ध्यावर होता. बाबा आतून आले. रिमोट टीपॉयवर होता, त्यांच्या हाताजवळच. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, उचलला नाही. दारापाशी जरा उभे राहिले.

"झालं काय तुह्यं?" त्यांनी विचारलं. "बातम्या लावाच्या होत्या."

या घरात टीव्हीसाठी मला कोणी विचारलं, असं सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. उठून बातम्या लावून द्याव्यात, पाणी आणून द्यावं, असं एकदम आतून आलं. मी कंट्रोलर घट्ट धरला.

"नाई झालं," मी म्हटलं. "अजून अर्धा तास लागते."

बाबा खुर्ची ओढून बसले आणि वाट पाहू लागले.